सुई नको म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी मावशीचा फोन. ‘अगं, ह्यांच्या पोटातलं पाणी तपासायला घ्यायचं म्हणतायत. मी नाही म्हणून सांगितलं.’ का? तर सिंहगड रोडच्या त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘सिरॉसिसच्या रुग्णांनो, सावधान’ असा मेसेज फिरतोय. मला तो महिनाभरात कोथरूडहून आणि हडपसरहूनही आलाय. इकडे काकांना सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार, त्यात दोन दिवस ताप, लघवी कमी, पोट तट्ट फुगलेलं. आणि मावशी फॉरवर्ड वाचतेय! पॅथॉलॉजी लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईने गप्प कसं बसायचं?

मेसेज म्हणतो, पोटातलं पाणी काढू देऊ नका, किडनी बंद पडते. यात अर्धं खरं आहे, तेवढं मुकाट्याने कबूल करते. पाच लिटरच्या वर पाणी एका दमात काढलं आणि शिरेतून ॲल्ब्युमिन (रक्तातलंच एक प्रथिन) दिलं नाही, तर रक्ताभिसरण ढासळतं आणि किडनीला झळ बसते. म्हणून तर काढलेल्या दर लिटरमागे 6 ते 8 ग्रॅम ॲल्ब्युमिन देतात. पण काकांचं पोट रिकामं करायचं नव्हतंच, एक सिरिंजभर पाणी हवं होतं! त्यात आम्ही पेशी मोजतो. एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 250 च्या वर गेले, की त्या पाण्यात जंतुसंसर्ग झालाय असं धरतात आणि कल्चरची (जंतू वाढवून बघायच्या तपासणीची) वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात. लिव्हरच्या पेशंटची किडनी बिघडवणारं हे एक मोठं कारण. 1999 साली स्पेनमधला, असा संसर्ग झालेल्या 126 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसतं अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी 33 टक्के लोकांची किडनी बिघडली, जोडीला ॲल्ब्युमिन मिळालेल्यांत 10 टक्के. हॉस्पिटलमधले मृत्यू 29 टक्क्यांवरून 10 वर आले. पण संसर्ग आहे हे कळणार कशावरून? त्या सुईवरूनच ना? आणि तीच नको म्हणे.

पुढचं रत्न: ‘लिव्हर गेलं की किडनी सडते, मग काही उपाय नाही.’ 1969 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिव्हरपायी किडनी बंद पडून गेलेल्या माणसांच्या किडन्या दुसऱ्यांना बसवल्या. त्या चालल्या! सडलेली किडनी चालते होय? या प्रकाराला हेपॅटोरीनल म्हणतात. किडनीची घडण बहुतेक शाबूत असते, पण पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, किडनीकडच्या आवळतात आणि तिला रक्तच पुरत नाही. आजार गंभीरच, पण त्यावर टर्लिप्रेसिन (त्या सैल रक्तवाहिन्या आवळणारं औषध) आणि ॲल्ब्युमिन देतात, लिव्हर बदलता आलं तर किडनीही बहुधा सावरते.

शिवाय प्रत्येक वेळी हेच कारण नसतं. कुणाचं जुलाबांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी अंगातलं पाणी आटलेलं असतं. गोळ्या थांबवून ॲल्ब्युमिन दिलं की एक-दोन दिवसांत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) उतरायला लागतं. कुणाच्या किडनीतल्या नलिकांनाच इजा झालेली असते. मग लघवीत मायक्रोस्कोपखाली मातकट तपकिरी कास्ट (नलिकांत तयार झालेले साचे) दिसतात. तिन्हींचे उपचार वेगळे, म्हणून आधी कारण शोधायचं.

‘क्रिएटिनिन दीडच्या आत तर बिनधास्त राहा.’ अजिबात नाही. सिरॉसिसमध्ये स्नायू झडतात, त्यामुळे आकडा मुळातच कमी दिसतो. दोन दिवसांत 0.7 चा 1.1 झाला तरी किडनीला नवा धक्का बसलाय असंच धरतात. रिपोर्टवर मात्र तो ‘नॉर्मल’ छापून येतो.

‘सूज आली तर लघवीची गोळी दुप्पट करा.’ लघवीच्या गोळ्यांबद्दल वर लिहिलंय ते परत वाचा. शेवटी मेसेज गुळवेलाचा काढा घ्यायला सांगतो. गुळवेलाच्या काढ्याने लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलंय. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण सिरॉसिसच्या माणसावर तो प्रयोग कशाला?

दुपारी मी तिकडे गेले. मावशीची समजूत काढली, सुई झाली. काकांच्या औषधांचा डबा उघडला तर गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅकची अर्धी संपलेली पट्टी निघाली. अशा पेशंटमध्ये ही गोळी किडनीचा उरलासुरला रक्तपुरवठाही आवळते. एवढ्या लांबलचक मेसेजात तिचा उल्लेख नव्हता. पट्टी पर्समध्ये टाकली आणि डॉक्टरांना दाखवायला नेली.