'सारखा' दिसला की उपमा?

'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसला की उत्प्रेक्षा. अलंकार ओळखायची ही युक्ती मीही बरीच वर्षं शिकवली, कारण तिने गुण मिळतात. आता शिकवत नाही. मुलं तेवढा एक शब्द हुडकतात आणि वाक्य वाचायचंच राहून जातं.

त्यापेक्षा एकच चित्र घ्यावं. आजीचे हात.

'आजीचे हात मुळ्यांसारखे होते.' हात हे उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते; मुळ्या हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी करायची ते; दोन्ही आपापल्या जागी. ही उपमा. 'आजीचे हात जणू मुळ्याच!' इथे दोन्ही जवळ आले, तरी ही आपली कल्पना आहे याचं भान बोलणाऱ्याला आहे. उत्प्रेक्षा. 'आजीच्या हातांच्या मुळ्यांनी मला धरून ठेवलं.' आता वेगळं काढताच येत नाही. रूपक. 'हे हात नव्हेत, मुळ्याच!' म्हटलं की उपमेयच नाकारलं, ती अपन्हुती. आणि 'मुळ्यांहून चिवट हात' म्हटलं की उपमेय उपमानाहून वरचढ ठरलं, तो व्यतिरेक.

मग मुलांना विचारावं, आजी गेल्यानंतर लिहायला बसलात तर यातलं कुठलं वाक्य लिहाल? या प्रश्नावर वर्ग खरंच विचार करतो, भांडतोसुद्धा. नावं त्या ओघात पाठ होतात.

अलंकारांची यादी लांब आहे म्हणून घाबरू नये. भरतमुनीच्या प्राचीन नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ते शंभरावर नेले. यमक-अनुप्रासासाठी तर मोठ्याने वाचलं तरी पुरतं.

कथेवरच्या प्रश्नांच्या उत्तरांत मात्र एक गोष्ट मला फार सलते. सरसकट 'लेखक म्हणतो'! हे बघा: 'मी धाकट्याला ढकललं नाही. तो आपणच पडला. आणि तसंही त्याला पोहता येत होतं.' हे बोलतोय तो निवेदक, म्हणजे कथेत गोष्ट सांगणारा. लेखकाने त्याला घडवलंय आणि ते तिसरं वाक्य मुद्दाम त्याच्या तोंडी घातलंय, आपल्याला त्याचा संशय यावा म्हणून. दोघांना एकच मानलं तर तो संशय येणार कुठून?

मुलांना हा उतारा तृतीयपुरुषी, म्हणजे 'मी' काढून, करून आणायला सांगितला होता. एकीने वाचलं, 'मोठ्याने धाकट्याला ढकललं नाही.' मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच म्हणालं, "मग हा निर्दोषच की!"