९० दिवसांत मेटाबॉलिझम ‘सेट’ होत नाही

नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर चालणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वजन परत वाढतं ते जिभेवर ताबा नसलेल्यांचं. ९० दिवस कडक डाएट करा, शरीराला सवय लागते, मेटाबॉलिझम कायमचा वाढतो. मग रविवारी मिसळ हाणली तरी फरक पडत नाही.’

आधी मेटाबॉलिझम, म्हणजे शरीर ज्या वेगानं ऊर्जा खर्च करतं तो वेग. तो वाढत नाही, उतरतो. हलक्या शरीराला कमी ऊर्जा लागते हे उघडच आहे. पण खर्च त्याहूनही खाली जाऊ शकतो. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींचं ४१ किलो परत आलं होतं. तरीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ती टोकाची उदाहरणं होती, सगळ्यांचं इतकं होत नाही. पण दिशा मेसेजच्या नेमकी उलटी आहे.

‘सवय लागते’ हेही खोटं. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक घटतं आणि मेंदू दुष्काळ पडल्यासारखा वागतो. भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. ऑस्ट्रेलियात ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं होतं. वर्ष उलटलं तरी त्यांची संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती, भूकही जास्तच होती (२०११). गंगापूर रोडला मिसळीचं ताट समोर येतं, पापड, दही, वर रस्सा वाढणारा हजर. डाएट करून आलेला माणूस तिसरा पाव उचलतो तेव्हा त्याला खरोखर भूक असते. त्याला लाज काय काढायची?

खाल्ल्याशिवाय वजन वाढत नाही, हे मान्य. रविवारच्या एका मिसळीनं बिघडत नाही, हेही मान्य. बिघडतं ते ९१व्या दिवशी, डाएट ‘संपलं’ म्हणून जुनं जेवण सुरू झालं की.

कडक डाएटमध्ये चरबीबरोबर स्नायूही जातात, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. वजन टिकवणाऱ्यांच्या नोंदी अमेरिकेत १९९४ पासून ठेवल्या जातात. त्यातले बहुतेक रोज तासभर चालणं किंवा तत्सम व्यायाम करतात, वरचेवर वजन करतात, आणि हे वर्षानुवर्षं. तेव्हा ट्रॅकवर येताय ते चालू ठेवा, आठवड्यातून दोनदा थोडी वजनंही उचला, ताटात डाळ, मटकी, दही राहू द्या. आणि वजन परत आल्यावर ओशाळून घरी बसलेल्यांना हा मेसेज तेवढा पाठवू नका.