‘हुशार मुलाला गणितात पुढे नेऊ नका’ म्हणे!

‘हुशार मुलांच्या पालकांनो, सावधान’ हा मेसेज सध्या पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. काल तो मावसबहिणीने पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग हिला पुढचं पुस्तक देऊ की नको?’ भाची तिसरीत आहे, आणि तिसरीचं गणित तिला जूनमध्येच येत होतं.

मेसेजचं म्हणणं असं: वयाच्या अकराव्या वर्षाआधी मेंदूला अमूर्त गणित झेपत नाही, पुढे नेलेली मुलं एकटी पडतात, पाया कच्चा राहतो, वरच्या वर्गात बसवणं बेकायदेशीर आहे. म्हणून लवकर संपवणाऱ्या मुलाला त्याच धड्याची दुप्पट गणितं द्या आणि अबॅकस किंवा वैदिक गणिताचा क्लास लावा. खाली ‘एक बालमानसतज्ज्ञ’. नाव नाही, गाव नाही.

शेवटचा सल्ला आधी घेऊ, कारण खरं नुकसान तिथे आहे. हातच्याची वीस गणितं बिनचूक सोडवणाऱ्या मुलीला बक्षीस म्हणून आणखी वीस दिली की ती एकच धडा शिकते: लवकर संपवायचं नाही. मग ती रेंगाळते, खिडकीबाहेर बघते, साध्या बेरजेत चुकते, आणि बाई म्हणतात, ‘बघा, हिचाही पाया कच्चाच.’

याऐवजी करायचं ते साधं आहे. धडा शिकवायच्या आधी त्याच धड्याची घटक चाचणी सोडवायला द्या. दहातली नऊ बरोबर आली, तर चुकलेला प्रकार तेवढा शिकवा आणि बाकी धडा गाळा. वाचलेल्या तासांत हातच्याचीच बेरीज, पण अशी: १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून तीन अंकी संख्येत तीन अंकी संख्या मिळवायची, उत्तरही तीन अंकीच. १७३ + २८६ = ४५९ हे एक झालं. आणखी शोध. उत्तरातल्या अंकांची बेरीज दरवेळी १८ च का येते? यात वीसपेक्षा जास्त बेरजा आपोआप होतात आणि शेवटच्या ‘का’वर आठवडा जातो. असल्या गणितांची चव लागली की पाचवी-सहावीत पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणितसंस्थेची परीक्षा आहेच. तीही पाठांतराची नाही.

आता अबॅकस. त्याने तोंडी बेरीज-वजाबाकीचा वेग वाढतो, हे खरं. पण वेग वाढला म्हणजे मूल गणितात पुढे गेलं असं नाही. आधीच वेगवान असलेल्या मुलाला आणखी वेग देऊन काय साधणार? वैदिक गणिताचंही तेच. ९८ × ९७ म्हणजे शंभराला २ आणि ३ कमी, १०० वजा ५ म्हणजे ९५, पुढे २ × ३ म्हणजे ०६, उत्तर ९५०६. टाळ्या. आता त्याच मुलाला ८८ × ८५ द्या. कमी १२ आणि १५. डावीकडे ७३, उजवीकडे १८०. आणि बरीचशी मुलं बिनदिक्कत ७३१८० लिहून मोकळी होतात. डावीकडचे ७३ हे शतक आहेत, म्हणून ७३०० + १८० = ७४८०, हे कुणी सांगितलेलंच नसतं. तेच गणित १०० लांबीची बाजू असलेल्या चौरसाच्या दोन कडांच्या पट्ट्या कापून कागदावर दाखवा. आठ-नऊ वर्षांच्या हुशार मुलाला ते कळतं, आणि बीजगणिताची सुरुवात तिथेच होते. क्लासमध्ये नेमकं तेवढंच वगळतात.

एकटी पडतात म्हणे. ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात खूप पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या १,६३६ जणांचा माग ३५ वर्षांहून अधिक काळ ठेवून पन्नाशीत त्यांचं मानसिक स्वास्थ्य तपासलं. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षणात कुणाला किती पुढे नेलं होतं, याचा स्वास्थ्याशी संबंध आढळला नाही. ही मुलं अमेरिकेतली आणि निवडीच्या वेळी बारा-तेराची होती, तिसरीतली नव्हे, हे मान्य. पण मेसेजवाल्यांकडे तेवढंही नाही.

मेंदूला झेपत नाही, हा मुलांच्या विचारशक्तीचे वयानुसार टप्पे मांडणाऱ्या पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या म्हणण्याचा विपर्यास आहे. त्याने सांगितलेली वयं साधारण होती, कुणाला अडवण्यासाठी नव्हती. लिफ्टमध्ये −१, −२ ची बटणं दाबणाऱ्या मुलाला ऋण संख्यांसाठी सहावीची वाट बघायची गरज नाही.

पाया कच्चा राहतो, यात मात्र निम्मं तथ्य आहे, नाइलाजाने का होईना मान्य करावं लागतं. शिकवणीत पळवलेली मुलं रीत शिकतात, अर्थ नाही. म्हणून पुढे नेण्याआधी एकूण गुण बघू नका, चुका कुठे झाल्या ते बघा. ६१८ ÷ ६ चं उत्तर १३ आलं, तर भागाकारात शून्य का लिहायचं ते कळलेलं नाही. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं वाटलं, तर स्थानिक किंमत दशांशचिन्हापलीकडे पोचलेली नाही. ३/४ ला १/२ ने भागताना ‘उलटा करून गुणायचं’ एवढंच येत असेल, तर चित्र काढायला सांगा: पाऊण भाकरीत अर्ध्या किती? दीड, हे चित्रावरून दाखवता आलं तरच पुढचं पान. या फटी आठवड्या-दोन आठवड्यांत बुजतात. त्यासाठी वर्षभर थांबवून ठेवणं हा उपाय नव्हे.

बेकायदेशीरपणाचा मुद्दा तर धादांत खोटा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली वयानुरूप वर्गाची तरतूद शाळेत कधी दाखल न झालेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलांसाठी आहे. तिसरीतल्या मुलीने गणिताच्या तासाला चौथीत बसण्याशी तिचा काही संबंध नाही. नाव तिसरीतच राहतं, बाकीचे विषय आणि डबा मैत्रिणींबरोबरच. अख्खा वर्ग ओलांडणं ही वेगळी गोष्ट. ते फार थोड्यांना लागतं.

अडचणी येतात त्या वेळापत्रकाच्या. दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी हवा, नाहीतर मुलीचा मराठीचा तास बुडतो. दोनशिक्षकी शाळेत हे उलट सोपं असतं, कारण तिसरी-चौथी बहुधा एकाच खोलीत असतात. पेपर कोणत्या इयत्तेचा द्यायचा, प्रगतिपुस्तकावर काय लिहायचं, हे आधीच ठरवा. शाळा चौथीपर्यंतच असेल तर पाचवीत नव्या शाळेत तेच गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्यासाठी जुन्या शाळेकडून झालेल्या धड्यांची यादी आणि चाचण्या घेऊन ठेवा.

मुख्याध्यापकांकडे जाताना ‘आमची मुलगी फार हुशार आहे’ हे वाक्य घरी ठेवा आणि सोडवलेल्या चाचण्या न्या. मागणीही एकच: दिवाळीपर्यंत, फक्त गणिताचा तास.