आगबोटीच्या लेखावरची तुमची तक्रार आणि माझं उत्तर

नमस्कार.

‘आगबोटीने विलायतेला’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोन दिवसांत चारपाच वेळा वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचे पणजोबा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून मुंबईला आले आणि विलायती बोटींवर खलाशी झाले. तुमचं म्हणणं असं की, मी मुंबई–लंडन टपालबोटींवर इतकं लिहिलं, पण त्यात जेवणाचा हॉल आहे, डेकवरच्या आरामखुर्च्या आहेत, संस्थानिक आणि साहेब आहेत. बोट चालवणारा माणूस एका ओळीतही नाही. ‘पॉश’ शब्दाची भाकडकथा मी खरी म्हणून सांगितली. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, “ती बोट म्हणजे गुलामांनी ओढलेली पालखी होती, तिचं कौतुक कसलं?”

‘पॉश’बद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी बाजू, घरी परतताना उजवी) या चार शब्दांची आद्याक्षरं श्रीमंत प्रवाशांच्या तिकिटावर छापत असत आणि त्यावरून हा शब्द आला, असं मी लिहिलं होतं. तसं छापलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. ही गोष्ट खरी वाटते, कारण तिच्यातला भूगोल खरा आहे. हिंदुस्थानाकडे येताना बोटीची डावी बाजू उत्तरेकडे असते आणि परत जाताना उजवी, म्हणजे तांबड्या समुद्रात त्या बाजूच्या केबिनींना ऊन कमी लागतं. पण भूगोल बरोबर असला म्हणून शब्दाची व्युत्पत्ती बरोबर ठरत नाही. तो परिच्छेद मी आज काढून टाकतो आहे.

खलाशी लेखात का आले नाहीत, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. मी तो लेख प्रवाशांच्या पत्रांवरून आणि आठवणींवरून लिहिला. पत्र लिहिणारा माणूस डेकवर बसलेला असतो. इजिप्तमधल्या पोर्ट सईद बंदरात कोळसा भरताना केबिनच्या खिडक्या गच्च बंद करून घ्याव्या लागत आणि तरी अंथरुणावर काळी भुकटी बसे, हे तो लिहितो. तोच कोळसा पुढे फावड्याने भट्टीत कोण टाकतो, हे त्याला दिसतच नाही. त्याच्या नजरेने बघत राहिलो, ही माझी चूक.

तर जे राहिलं ते आता लिहितो.

पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर माणसांची तीन खाती असत आणि प्रत्येकाचं मूळ गाव वेगळं. डेकवरचे लोक बरेचसे कोकणातले आणि गुजरात-कच्छच्या किनाऱ्यावरचे. त्यांचा मुखिया सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर सुकाणी, झाडलोटीला टोपास. खाली बॉयलरखान्यात पंजाबी, पठाण, इतर कंपन्यांच्या बोटींवर सिल्हेटचे बंगाली. तिथे हुद्दा कामावरूनच ओळखायचा: भट्टी पेटती ठेवणारा आगवाला, कोठारातून कोळसा ओढून आणणारा कोयलावाला, यंत्राला तेल देणारा तेलवाला. आणि तिसरं खातं जेवणाच्या हॉलचं. ते जवळजवळ सगळं गोव्याच्या ख्रिस्ती तारवटींचं, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांचं. साहेबाच्या टेबलावर डुकराचं, गाईचं मांस आणि वाइन असे. ते हाताळायला इतरांना धर्म आड येई, गोंयकाराला येत नसे. मुंबईत धोबीतलावाच्या गल्ल्यांत या तारवटींच्या गावोगावच्या कूड, म्हणजे राहायच्या सामाईक खोल्या होत्या. बोट मिळेपर्यंत माणूस आपल्या गावच्या कुडीत राहायचा, आजारी पडला तर तिथेच त्याची शुश्रूषा व्हायची. डेकवाल्यांचा आणि इंजिनवाल्यांचा स्वयंपाकही वेगवेगळा, प्रत्येकाचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, वेगळा. समुद्र ओलांडला की जातपात गळून पडते, असं एक वाक्य मी उत्साहाच्या भरात लिहिलं होतं. तेही खोडतो.

पगाराचं बोलायचं तर गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर हे लोक काम करत. जागेचा हिशेब कायद्यातच लिहिलेला होता. १९०६च्या कायद्याने गोऱ्या खलाशाला राहायला १२० घनफूट जागा ठरली, हिंदी खलाशाची मात्र ७२ घनफूटच राहिली. ७२ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार फूट उंच. एका मोठ्या पेटाऱ्याएवढी. शिवाय त्यांचा करार असा की, इंग्लंडच्या बंदरात नोकरी सोडता येणार नाही; परत हिंदुस्थानात आणूनच मोकळं करायचं. तांबड्या समुद्रात बॉयलरखान्याचं तापमान ५० अंशांवर जाई. प्रवासी गाद्या घेऊन डेकवर झोपायला येत, खाली माणसं भट्टीसमोर घेरी येऊन पडत. आशियाई माणसाला उष्णता सोसते, असं कंपन्या सांगत. सोसत असती तर घेरी आली नसती.

आता ‘गुलाम’ या शब्दावर माझा आक्षेप. तो शब्द तुमच्या पणजोबांवर अन्याय करतो, असं मला मनापासून वाटतं.

पहिलं म्हणजे ते कारागीर होते. सारंग शिट्टीच्या इशाऱ्यावर माणसांकडून शंभर-शंभर फूट दोर हलवून घेई. गोऱ्या अधिकाऱ्याला त्याची भाषा शिकावी लागे, म्हणून बोटीवर चालणारी एक वेगळीच ‘लष्करी’, म्हणजे खलाशांची, हिंदुस्थानी तयार झाली. तिच्यात पोर्तुगीज होतं, फारसी होतं, आपल्या किनाऱ्याचे शब्द होते. हिंदी खलाशासाठी ‘लष्कर’ या फारसी शब्दाचंच इंग्रजांनी ‘लास्कर’ केलं. दुसरं म्हणजे त्यांची पिळवणूक फक्त गोऱ्यांनी केली नाही. भरती सारंगाच्या हातात असे. त्याला दस्तुरी, म्हणजे दलाली, दिल्याशिवाय बोट मिळत नसे, आणि ती देण्यासाठी खलाशी बोटीवर चढण्याआधीच कर्जात असे. ही बाजू कोकणी घरांतून फारशी सांगितली जात नाही, कारण सारंगही आपलाच असायचा. आणि तिसरं म्हणजे, ही माणसं वेळ आली तेव्हा बोलली. १९३९ साली दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडच्या बंदरांत आणि इतरत्र हिंदी खलाशांनी बोटी नेण्यास नकार दिला. काहींना तुरुंगात टाकलं, पण पगार वाढवावा लागला. गुलाम संप करून पगार वाढवून घेत नाही.

प्रवासी म्हणजे फक्त साहेब आणि संस्थानिक, हेही मला मान्य नाही. १८८८ साली गांधी विलायतेला निघाले तेव्हा त्यांना निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सवा रुपया दंड, असं त्यांच्या जातीने जाहीर केलं होतं. १८८३ साली पंडिता रमाबाई लहान मुलीला घेऊन मुंबईहून निघाल्या. १९१७ साली लंडनमधलं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलेल्या डॉ. आंबेडकरांची पुस्तकं वेगळ्या बोटीने येत होती. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि भरपाईचे ६०० रुपये हाती आले. या माणसांच्या प्रवासाचं कौतुक मी केलं आणि पुढेही करीन. त्यांना नेणाऱ्या हातांचं केलं नाही, एवढीच तक्रार मी घेतो.

‘पर्शिया’ बोटीचा उल्लेख लेखात होता, सावरकर १९०६ साली तिने गेले म्हणून. तिचा शेवट मी सांगितला नव्हता. ३० डिसेंबर १९१५ला क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत ती गेली आणि तिच्याबरोबर ३००हून जास्त माणसं. आणि ‘इजिप्त’. २० मे १९२२, लंडनहून मुंबईला येताना फ्रान्सच्या टोकाजवळ दाट धुक्यात एका मालबोटीची धडक बसली आणि वीस मिनिटांत बोट तळाला गेली. बोटीवर दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी होतं. ते बुडी मारणाऱ्या इटालियन माणसांनी पुढे शंभर मीटरहून खोल पाण्यातून कसं काढलं, याच्या कथा जगभर छापल्या गेल्या. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मात्र घबराटीचं खापर हिंदी खलाशांवर फोडलं. मृतांचा आकडा बघा: ८६. त्यातले प्रवासी १५, कर्मचारी ७१. त्या बोटीच्या कर्मचाऱ्यांत बहुसंख्य हिंदी होते. हा आकडा मला माहीत होता आणि तरी मी लेखात सोन्याबद्दलच लिहिलं. याची मला तुमची प्रतिक्रिया वाचताना खरोखर लाज वाटली.

तुम्ही पणजोबांच्या नलीचा, म्हणजे आज ज्याला सीडीसी म्हणतात त्या नोकरीपुस्तकाचा उल्लेख केला आहे. पानं सुटी झाली असली तरी ती फेकू नका आणि चिकटपट्टी लावू नका, तिने कागद पिवळा पडून तुटतो. सावलीच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्या. त्यात बोटीचं नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख, हुद्दा आणि वर्तणुकीचा शेरा असेल. मला पाठवलंत तर बोटींची नावं आणि त्यांचे मार्ग मी लावून देतो. एवढ्यावरून ते कुठल्या साली कुठल्या बंदरात होते हे बरंचसं कळेल.

आणि मुंबईत आलात तर मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आपण बरोबर जाऊ. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक तिथे आहे. तुमच्या गावचे कुणी त्यात आहेत का, ते पाहू.