आधी पहिले चार बाइट बघा

मुंबईतल्या आयटीवाल्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा उगवतो. त्याचा सारांश असा: मायग्रेशननंतर (म्हणजे डेटा एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवल्यावर) डेटाबेसमधले फोटो-पीडीएफ उघडले नाहीत तर फाइल करप्ट झाली, बॅकअपशिवाय इलाज नाही, कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) यूटीएफ-८ केला की गडबड मिटते, फाइल्स डेटाबेसमध्ये ठेवायच्याच नसतात, आणि रो काउंट, म्हणजे टेबलातल्या ओळींची संख्या, जुळला की डेटा सुखरूप आला.

फाइल उघडत नाही हे लक्षण झालं, रोग नव्हे. ती ज्या कॉलममध्ये साठवली आहे त्याचे पहिले चार बाइट हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहून, बघा. पीडीएफ २५ ५० ४४ ४६ ने सुरू होते. त्याऐवजी बॅकस्लॅश, एक्स आणि मग २५५०४४४६ असा वाचता येणारा मजकूरच साठवलेला दिसला, तर फाइल धडधाकट आहे, फक्त हेक्सचा वेश घालून बसली आहे. लांबी मोजली तर मूळच्या दुप्पट अधिक दोन भरेल. पहिली दोन अक्षरं सोडून उरलेलं डीकोड केलं की मूळ फाइल हातात. (आधी टेबलच्या कॉपीवर, बरं का.) कधी साठवण अगदी बरोबर असते आणि वाचणाराच जुना असतो. पोस्टग्रेस या डेटाबेसने ९.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, बायटीआ (फाइलचे कच्चे बाइट ठेवणारा) कॉलम हेक्समध्ये द्यायला सुरुवात केली आणि त्याआधीचे ड्रायव्हर, म्हणजे ॲप आणि डेटाबेस जोडणारे प्रोग्रॅम, गोंधळले. तिथे ड्रायव्हर बदलायचा, डेटाला हात लावायचा नाही.

यूटीएफ-८ चा सल्ला मात्र घातक आहे. फोटोला कसला आलाय कॅरेक्टर सेट? पीएनजीचा पहिला बाइट ८९. यूटीएफ-८ मध्ये तो एकटा चालत नाही, म्हणून कन्व्हर्टर अनेकदा त्या जागी ईएफ बीएफ बीडी हे तीन बाइट घालतो. पुढच्या प्रत्येक अवैध बाइटचीही तीच गत. वेगवेगळे बाइट एकाच खुणेत विरघळले की मागे फिरता येत नाही. इथे फॉरवर्ड बरोबर आहे, बॅकअपच हवा. पण ही वेळ बहुधा त्याचाच दुसरा सल्ला ऐकून आलेली असते!

फाइल्स डेटाबेसमध्ये ठेवाव्यात की नाही, यावर चहासोबत भांडू. आज त्या तिथे आहेत आणि काउंटरवर माणूस उभा आहे.

राहिला रो काउंट. परळच्या एका पतपेढीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा जुन्या-नव्या सर्व्हरवरचे सभासद एकास एक जुळत होते. म्हणून सगळे निर्धास्त. स्क्रीनवर एका काकांचा फोटो उघडला. टोपी, कपाळ, डोळे व्यवस्थित आणि नाकाखाली सपाट राखाडी पट्टा. पुढच्या मावशींचंही तेच. मी फाइल्सच्या लांबीप्रमाणे उतरती यादी काढली. वरच्या सगळ्या ओळींत एकच आकडा: ६५,५३५.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साध्या ब्लॉबची (फाइल ठेवायच्या कॉलम-प्रकाराची) मर्यादा नेमकी तेवढेच बाइट. मीडियमब्लॉबची सुमारे १६ एमबी. जुन्या टेबलात लाँगब्लॉब होता; नवं टेबल कुणीतरी हाताने लिहिताना नुसतं ब्लॉब टाकलं. न मावणारा डेटा नाकारणारा स्ट्रिक्ट मोड चालू असता तर एरर आली असती, पण जुन्या शून्य (००००-००-००) तारखांची कटकट नको म्हणून तोही बंद केलेला. मग मायएसक्यूएलने वॉर्निंग देऊन शेपूट कापलं, आणि वॉर्निंग कोण वाचतो? छोटे सह्यांचे स्कॅन पूर्ण आले, त्यामुळे चाचणीत सगळं छान दिसलं. रो मोजण्याऐवजी दोन्ही बाजूंना प्रत्येक फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेला ठसा) काढून ताडला असता, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

आम्ही कॉलम लाँगब्लॉब केला, स्ट्रिक्ट मोड चालू केला आणि कापलेल्या फाइल्स जुन्या सर्व्हरवरून पुन्हा आणल्या. तो सर्व्हर जिन्याखाली गुंडाळून ठेवला होता. त्याच शनिवारी भंगारवाला यायचा होता.