मोझार्टचा पियानो ‘अपुरा’ नव्हता

एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: संगीतकार मोझार्ट-हायडनच्या काळचा, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरचा पियानो म्हणजे आजच्या ग्रँड पियानोचा कच्चा खर्डा. आवाज दुबळा, स्वर लांबवणारं पेडल नाही, लावलेला सूर टिकत नाही. आजचा पियानो मिळाला असता तर मोझार्टने तोच घेतला असता. यातलं बहुतेक चूक आहे. का ते एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

‘आवाज दुबळा.’ दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात, हो. पण आन्टोन वाल्टरने व्हिएन्नात बनवलेला पियानो पन्नास-साठ माणसांच्या दिवाणखान्यात भरून वाजतो. आजचा मोठा ग्रँड साधारण ५०० किलोचा, आत बिडाची चौकट. मोझार्टचा वाल्टर शंभर किलोच्या आतला, सांगाडा लाकडी. तो उचलून नेतही असत. मार्च १७८५ मध्ये मोझार्टच्या वडिलांनी, लिओपोल्डने, मुलीला कळवलं की आपण व्हिएन्नाला आल्यापासून हा पियानो निदान बारा वेळा नाट्यगृहात किंवा कुणाकडे नेला गेला.

खरा फरक स्वराच्या घडणीत आहे. हातोडी चिमुकली, तिच्यावर नमद्याऐवजी पातळ चामडं. स्वर चटकन उमटतो आणि लवकर विरतो. बेथोव्हनच्या ओपस १३ या सोनाटाचा (अनेक भागांच्या पियानोरचनेचा) पहिलाच स्वरसमूह बघा: डाव्या हातात खर्जातले दाट स्वर, खूण ‘एफपी’, म्हणजे जोरात आणि लगेच हळू. आजच्या पियानोवर हा स्वरसमूह घुमत राहतो, म्हणून वादक डावा हात हलका ठेवून वाजवतो. जुन्या पियानोवर पूर्ण जोर लावला तरी प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो आणि ती ‘हळू’ची खूण बरीचशी वाद्यच पाळतं.

‘पेडल नव्हतं.’ पायाखाली नव्हतं, गुडघ्यापाशी होतं. ऑक्टोबर १७७७ च्या पत्रात मोझार्टने आउग्सबुर्गचा पियानो बनवणारा स्टाइन याच्या पियानोतल्या याच सोयीची तारीफ केली आहे.

‘मोझार्टने आजचाच घेतला असता.’ याला पुरावा कुठून आणणार? दिसतं ते इतकंच की त्याच्या एकल सोनाटा पाच सप्तकांत, ६१ पट्ट्यांत बसतात. हायडनची गोष्ट वेगळी, हे मान्य. लंडनमध्ये त्याने तिथल्या मोठ्या पियानोंसाठी लिहिलं. सी मेजर सोनाटा (क्रमांक ५०) या पाच सप्तकांच्या वर जाते. ती वाल्टरवर वाजवायचा हट्ट धरू नये.

‘लावलेला सूर टिकत नाही.’ यात तथ्य आहे. लाकडी सांगाडा हवेतला ओलावा लगेच पकडतो. म्हणून वाद्य मैफलीच्या आदल्या दिवशीच खोलीत आणावं, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखावी, एसीचा झोत आणि दिव्यांची धग त्यावर येऊ देऊ नये. श्रोते बसले की त्यांच्या श्वासानेच हवा दमट होते. मध्यंतरात पुन्हा सूर तपासावेत. सुराची पट्टी (मधल्या ‘ए’ स्वराची उंची) बहुधा ४३० हर्ट्झ ठेवतात. सोबतच्या आधुनिक बासरीसाठी ती ओढून ४४० वर नेली, तर तारा तुटू शकतात, सांगाडा पिळवटू शकतो.

वाद्याला ‘दुबळं’ ठरवणारा दोष पुष्कळदा हाताचा असतो. बोटाखालची पट्टी आजच्या साधारण निम्मीच खाली जाते. खांद्याचं वजन टाकलं की तळाचा ठोकाच ऐकू येतो. स्टाइनच्या रचनेत परतणारी हातोडी झेलणारा अटकाव नसतो. जोराने मारलं तर ती उसळून तारेला पुन्हा लागते. तिथे बोटांनीच वाजवावं, मनगट सैल ठेवून.