तिकडचं पब्लिक म्हणे डोकं वापरून सिनेमा बघतं

शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. कुणीतरी घरी बसून 'फास्ट एक्स', म्हणजे गाड्या उडवणाऱ्या 'फास्ट अँड फ्युरियस' मालिकेतला दहावा भाग, बघितला, आणि विन डिझेल पोराला शेजारी बसवून धरणाच्या भिंतीवरून गाडी उभीच्या उभी खाली घेतो, वर दोन टँकर एकमेकांवर आदळून आगीचा लोळ, तेवढा तुकडा ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "यावर आपल्याकडे शिट्ट्या पडल्या होत्या, धन्य ते पब्लिक." मग दुसरा उठला, रोहित शेट्टीने गाड्या उडवल्या की नाकं मुरडता ना, मग याला टाळ्या कशा चालतात. आणि मग तिसरा, जो माझा अगदी जवळचा मित्र आहे, त्याने निकाल देऊन टाकला. "अरे तिकडचं पब्लिक असलं काही खपवून घेत नाही. तिकडे लोक डोकं वापरून सिनेमा बघतात. विचारा याला." याला म्हणजे मला.

माझं डोकं फिरलं ते इथे. सिनेमा आवडला नाही तर नका बघू, पण दर वेळी आपल्याच लोकांना खाली दाखवायला मला कशाला साक्षीला उभं करता?

मी राहतो लॉस एंजेलिसला, या गाड्यांचं माहेर म्हणतात ते हेच. 2001 चा पहिला भाग इथल्याच रस्त्यांवरचा, आणि डॉम टोरेटोचं, म्हणजे विन डिझेलच्या पात्राचं, म्हणून जे घर दाखवतात ते एंजेलिनो हाइट्समध्ये आहे, डॉजर्सची बेसबॉल मॅच असली की 101 हायवेवरून मी त्याच्या खालूनच जातो. तर साक्षच पाहिजे असेल तर ऐका. 2023 च्या मे मध्ये मी हा सिनेमा इथे शनिवारी रात्रीच्या शोला बघितला. माझ्या पुढच्या रांगेत एक मेक्सिकन कुटुंब होतं, आजीपासून नातवापर्यंत सगळे. सुरुवातीलाच डॉमची आजी म्हणून रीटा मोरेनो पडद्यावर आली, टेबलापाशी बसलेल्या सगळ्यांसमोर बोलायला लागली, तशी पुढची आजी रिक्लायनरचं बटण दाबून सरळ उठून बसली आणि नातवाच्या गुडघ्यावर हात ठेवून ऐकत राहिली. रोममध्ये तो भलामोठा गोल बॉम्ब गडगडत सुटला तेव्हा अख्खी रांग ओरडत होती. डॉम विमानातून गाडीसकट थेट रस्त्यावर उतरला तेव्हा मागून कुणीतरी अशी शिट्टी मारली की मला क्षणभर कळेना मी कुठे बसलोय. आणि शेवटची नावं सुरू झाल्यावर मधेच ड्वेन जॉन्सन दिसला तेव्हा निघालेले लोक जिन्यातच थांबून टाळ्या वाजवायला लागले, कारण त्याचं आणि डिझेलचं वर्षानुवर्षं बिनसलेलं इथे सगळ्यांनाच माहीत. हे आहे डोकं वापरणारं पब्लिक. आणि ते बरोबरच करत होतं.

आता कुणी म्हणेल तिकडच्या समीक्षकांनी तर धुतला. अर्धवट धुतला, समीक्षकांची मतं मोजणाऱ्या रॉटन टोमॅटोजवर 56 टक्क्यांच्या आसपास अडकला, पण थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत 'बी प्लस' दिला. म्हणजे समीक्षक एकीकडे आणि पब्लिक दुसरीकडे, अगदी आपल्यासारखंच. आणि हेही खरं की सिनेमाने जगभरात 70 कोटी डॉलर कमावले त्यातले अमेरिका आणि कॅनडाचे जेमतेम 14-15 कोटी, बाकी सगळे बाहेरचे. भारतात तर तो इथल्या एक दिवस आधी, 18 मे ला लागला, हिंदी, तमिळ, तेलुगूत डब होऊन. ज्यांना तुम्ही धन्य ते पब्लिक म्हणता त्यांच्या जिवावर ही मालिका उभी आहे आणि हे हॉलिवूडवाल्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

रोहित शेट्टीचं म्हणाल तर मला त्या मुद्द्याबद्दल आदर आहे. त्याचे वडील एम. बी. शेट्टी फाइट मास्टर होते, त्या घरात गाडी उलटवणं हा पिढीजात धंदा आहे आणि तो गाड्या खऱ्या उडवतो. इकडेही तेच. 2011 च्या पाचव्या भागातली ती तिजोरी, रिओ म्हणून दाखवलेल्या रस्त्यांवरून दोन गाड्या ओढत नेतात ती, त्यासाठी खरोखरच्या तिजोऱ्या बनवल्या होत्या, त्यातल्या एका तिजोरीच्या आत तर ड्रायव्हर बसून ती चालवत होता. सातव्या भागात विमानातून पडणाऱ्या गाड्या त्यांनी खरंच विमानातून टाकल्या. म्हणजे मेहनत दोन्हीकडे आहे, थाप दोन्हीकडे आहे, पैसा इकडे जास्त आहे एवढंच. मग आपला माणूस करतो तेव्हा तो येडपटपणा आणि गोरा माणूस करतो तेव्हा ते स्पेक्टॅकल, हे कसं काय? त्यातून डिझेल काही सरसकट गोराही नाही, स्वतःला मिश्र वंशाचा म्हणवतो, आणि त्या टेबलावर बसलेल्यांतले निम्म्याहून जास्त गोरे नाहीत. इथल्या बाहेरून आलेल्या माणसांना ही मालिका जवळची का वाटते त्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

आणि ज्या अमेरिकनांची उदाहरणं देता त्यांनी 'आरआरआर' बघताना इथल्या चायनीज थिएटरमध्ये पडद्यापुढे जाऊन नाच केलाय. ते व्हिडिओ तुम्हीच मला पाठवले होते, अभिमानाने. तेव्हा कुणाला लॉजिक आठवलं नाही.

मग ग्रुपवर विषय बदलला, की असे सिनेमे बघून आपल्याकडची पोरं रस्त्यावर स्टंट करतात, तिकडे कायद्याचा धाक आहे. कसला धाक? इथे शनिवारी रात्री चौक अडवून टेकओव्हर होतात, शेपन्नास गाड्या गोल उभ्या करून मधे एखादी चार्जर नाहीतर कमारो गाडी डोनट मारत, म्हणजे जागच्या जागी गोल गोल फिरते, रबराचा वास दोन ब्लॉक येतो, हेलिकॉप्टर वर घिरट्या घालतं आणि सकाळी रस्त्यावर काळी वर्तुळं उरतात. एंजेलिनो हाइट्सच्या लोकांनी 2022 च्या ऑगस्टमध्ये, याच 'फास्ट एक्स'चं शूटिंग तिथे व्हायचं होतं तेव्हा, रस्त्यावर उतरून निषेध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं, की ते घर आणि तो चौक बघायला शर्यतवाले येतात, रात्री टायर जाळतात, आमच्या पोरांनी रस्ता ओलांडायचा कसा. मला ते शंभर टक्के पटलं. सिनेमावर माझा जीव आहे तरी पटलं. तेव्हा वाद घालायचा तर यावर घाला, की पडद्यावरच्या मजेची किंमत कुठल्या गल्लीने मोजायची. त्यात तिकडचे शहाणे आणि इकडचे अडाणी असा काही भागच नाही.

एक मात्र मी मान्य करतो, इथे सिनेमा चालू असताना कुणी फोनवर बोलत नाही आणि त्याची मला आता सवय झालीय, सुट्टीत तिकडे आलो की मागच्या सीटवरून "हां बोल, पिक्चरला आहे" ऐकलं की मला राग येतो आणि मी वळून बघतो. तुम्ही म्हणता हा आता तिकडचा झाला. आणि इथे त्या शनिवारी मागच्या माणसाने शिट्टी मारली तेव्हा माझीही दोन बोटं ओठांपर्यंत गेली होती, पण वाजवली नाही. भीती कुणाची नव्हती. ती आजी, ते नातू, तो सगळा जल्लोष त्यांचा होता, त्यांच्या आजीसारखी आजी पडद्यावर बोलत होती. मी त्यात आनंदाने बसलो होतो पण माझं त्यात कुणी नव्हतं. हे मी ग्रुपवर लिहिणार नव्हतो, आता लिहितोय.

म्हणूनच मला या मालिकेत सगळ्यात जवळचा वाटतो तो डॉमचा मित्र ब्रायन. ते काम करणारा पॉल वॉकर 30 नोव्हेंबर 2013 ला गेला, सातवा भाग अर्धा झालेला असताना. त्यांनी त्याच्या भावांना उभं करून, कॉम्प्युटरवर चेहरा बसवून सिनेमा पुरा केला, आणि शेवटी दोन गाड्या शेजारी धावतात, रस्त्याला फाटा फुटतो, ब्रायनची पांढरी सुप्रा वेगळी निघून जाते. पण कथेत त्यांनी ब्रायनला मारलं नाही. तो कुठेतरी आहे, पोरांना सांभाळतोय. नवव्या भागाच्या शेवटी सगळे जेवायला बसलेत, एक खुर्ची मोकळी ठेवलीय आणि त्याची निळी निस्सान दारात येऊन थांबते, बस, एवढंच दिसतं. 'फास्ट एक्स'मध्येही तो दिसतो ते पाचव्या भागातल्या जुन्या तुकड्यांत, बाकी नुसतं नाव निघतं. घरातला असूनही कधीच हजर नसलेला माणूस म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. लग्नात, बारशात, आजारपणात माझंही नाव निघतं, व्हिडिओ कॉल लावून फोन हातोहात फिरवतात, सगळे हात हलवतात आणि पुढच्या कामाला लागतात.

आणि आता तिकडे परत नवा वाद. 2025 च्या जूनमध्ये इथे पोमोनाला फ्युएलफेस्ट या गाड्यांच्या मेळाव्यात विन डिझेलने स्टेजवरून सांगितलं की शेवटच्या भागासाठी त्याला तीन गोष्टी हव्यात, लॉस एंजेलिसला परत यायचं, रस्त्यावरच्या शर्यती परत आणायच्या आणि डॉम-ब्रायनची भेट घडवायची. ग्रुपवर निम्मे खूश, निम्मे म्हणतात मेलेल्या माणसाला कॉम्प्युटरवर नाचवणार. इथे मी दुसऱ्यांच्या बाजूने आहे आणि पहिल्यांदाच माझ्या त्या मित्राशी माझं पटलंय. या मालिकेची खरी खोड गाडी अवकाशात जाते ही नाही. खरी खोड ही आहे की यात सहसा कुणी मरतच नाही. मेलेली म्हणून दाखवलेली लेटी परत आली, हान परत आला, 'फास्ट एक्स'च्या शेवटी बर्फातून पाणबुडी वर येते आणि गिझेलही परत. माणूस जाण्याचं यांनी काही ठेवलंच नाही, एकटा ब्रायन सोडून. पॉल वॉकरचं जाणं तेवढं खरं होतं आणि म्हणून शिट्ट्या मारणारं पब्लिक सातव्या भागाला रडलं, तिकडचं पण आणि इथलं पण. त्याला चेहरा चिकटवून परत आणू नका. डॉमला हवं तर त्याच्या दारापर्यंत जाऊ द्या, आत दिवा लागलेला दाखवा, पोरांचा आवाज ऐकवा आणि गाडी वळवा. धरणावरून गाडी उतरवली ते मी खपवून घेतलं, अवकाशात नेली तेही खपवून घेतलं, हे मात्र मी खपवून घेणार नाही, आणि याबद्दल मला कितीही वेळा साक्षीला बोलवा, मी येईन.